तिथीपाटीची नवी आवृत्ती

माझी वहिनी मृदुला ही आमच्या घरातली सगळ्यात घाबरट बाई. हे मी तिच्या तोंडावर म्हणते आणि तीही नाकारत नाही. दाराला कुलूप लावल्यावर ती ते ओढून बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघते. मगरी असलेल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून स्कूटर नेताना कठड्याकडे मान वळवत नाही. मागे पूर आला तेव्हा ओळखीच्या एका सोसायटीत पार्किंगमध्ये मगर शिरली होती. पाणी ओसरून कित्येक महिने झाले, तरी वहिनी खालचा दिवा लागल्याशिवाय शेवटच्या पायरीवरून पाय खाली ठेवत नसे. माझा भाऊ इंद्रनील हसायचा. आम्ही सगळेच हसायचो.

ती बडोद्याचीच. फतेगंजात वाढली, विद्यापीठात गणित शिकली, नंतर एमसीए करून एका कंपनीत प्रोग्राम लिहायला लागली. आमचे वडील भास्करराव, म्हणजे आप्पा, यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा तिनं नोकरी सोडली. दादा रिफायनरीत, त्याच्या पाळ्या. मी समा भागात राहते आणि शाळेत चित्रकला शिकवते. घरी बसून करता येईल असं काम एकट्या वहिनीचंच होतं. कारेलीबागच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत जास्तीच्या गाद्या रचलेल्या असायच्या. त्या हलवून तिनं तिथं टेबल टाकलं आणि छोट्या कंपन्यांची कामं घ्यायला सुरुवात केली.

तिच्या कामातलं मला फारसं कळत नाही. पण तिनं एकदा सांगितलं होतं ते लक्षात राहिलं. हल्ली कुणीच सगळा प्रोग्राम पहिल्यापासून लिहीत नाही. बटणं, तक्ते, तारीख निवडायची चौकट, असले भाग लोकांनी आधीच करून एका सार्वजनिक कोठारात ठेवलेले असतात. आपण एका ओळीत हव्या त्या भागाचं नाव लिहायचं, एंटर दाबायचं, की तो आपल्या कॉम्प्युटरात उतरतो. हे आणून देणाऱ्या प्रोग्रामला ती पॅकेज मॅनेजर म्हणते. एक भाग मागवला की त्याला लागणारे दुसरे येतात, त्यांना लागणारे तिसरे, आणि बघता बघता शेकडो भाग येऊन बसतात.

"आणि ते सगळे कुणी लिहिलेत हे तुला माहीत असतं?" मी विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच मी नाव दहादा वाचते."

ती खरोखर वाचायची. कुठलाही भाग मागवण्याआधी त्याचं पान उघडायची, कुणी केलाय, कधी केलाय, किती जण वापरतात, सगळं बघायची. नावात एखादी आडवी रेघ इकडची तिकडे झाली तर भलताच भाग येतो, असं ती म्हणायची.

त्या कोठारात तिचा स्वतःचाही एक भाग होता. तारीख निवडताना शेजारी मराठी किंवा गुजराती तिथी दाखवणारी ती एक लहानशी चौकट. तिनं नाव ठेवलं होतं तिथीपाटी. आप्पांना तारखेपेक्षा तिथी लक्षात राहते म्हणून तिनं ती गंमत म्हणून केली आणि कोठारात टाकली, कुणालाही फुकट घेता यावी म्हणून. हळूहळू लोकांनी ती उचलली. पूजेच्या सामानाची दुकानं, परदेशातल्या एखाद्या देवळाची वेबसाइट. फतेगंजात केयूरभाईंची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, त्यांनीही घेतली. आप्पा समाच्या ज्या डायलिसिस सेंटरवर जातात, तिथलं सगळं सॉफ्टवेअर केयूरभाईंचंच. त्यामुळे आप्पांच्या पुढच्या खेपेच्या चिठ्ठीवर तिथी छापून यायची आणि ते ती चिठ्ठी शेजाऱ्यांना दाखवायचे. "आमच्या सूनबाईंचं काम," म्हणायचे.

हे झालं ते वाघबारसेच्या, म्हणजे आपल्या वसुबारसेच्या दिवशी. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी चकल्या करायला कारेलीबागला आले होते. दादा पहिल्या पाळीला गेला होता. केयूरभाईंना सेंटरच्या चिठ्ठीवर बारकोड हवा होता आणि तो दिवाळीच्या आधी हवा होता, कारण एकदा सण लागला की भाऊबीजेनंतरच्या लाभपाचमपर्यंत बडोद्यात कुणी कामाला हात लावत नाही. वहिनी सकाळपासून त्याच मागे होती. हल्ली प्रश्न विचारला की उत्तर देणारा एआय असतो, त्याला तिनं विचारलं की बारकोड छापायला कुठला भाग चांगला. त्यानं नाव सांगितलं आणि मागवायची ओळही लिहून दिली.

तेवढ्यात सेंटरची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवायला लागली. आप्पांना शाल सापडेना. "मृदुला, माझी शाल कुठाय?" त्यांनी दोनदा हाक मारली. वहिनीनं ती ओळ तशीच लिहिली, एंटर दाबलं आणि उठली. नाव वाचलं नाही, पान उघडलं नाही. आप्पांना धरून खाली नेलं, गाडीत बसवलं आणि वर आली. तोवर तो भाग उतरला होता, पण त्यात काहीच नव्हतं. बारकोड नाही, काही नाही. तिला जरा चमत्कारिक वाटलं. तिनं तो काढून टाकला, स्वतः शोधून दुसरा घेतला आणि कामाला लागली.

मी स्वयंपाकघरात भाजणी मळत होते. वहिनी दारात येऊन उभी राहिली. हातात फोन होता.

"नीरा, तू माझ्या खोलीत गेली होतीस?"

"नाही. का?"

"कॉम्प्युटरला हात लावलास का?"

मी कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात तिला दाखवले. तिनं ते बघितले, पण तिचं लक्ष नव्हतं. फोन माझ्यासमोर धरला. कोठाराकडून मेल आला होता. तिथीपाटीची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आहे. प्रसिद्ध करणार, मृदुला सबनीस.

"मग?" मी म्हटलं. "तुझीच ना?"

"मी नाही केली."

ती हे बोलत असतानाच फोन पुन्हा वाजला. तिचा गुजराती आकड्यांचा एक जुना भाग होता, त्याचीही नवी आवृत्ती निघाली होती. तिच्याच नावानं. ती माझ्यासमोर उभी होती, हातात फक्त फोन होता, आणि मागच्या खोलीतून तिच्या नावानं कुणीतरी काम करत होतं.

वहिनी धावत गेली आणि इंटरनेटच्या डबीची वायर इतक्या जोरानं ओढली की डबी खिळ्यासकट खाली आली. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लॅपटॉप उघडाच होता आणि त्याच्याजवळ जायला ती तयार नव्हती. मी जायला लागले तर तिनं माझा दंड धरला.

"हात नको लावूस. ते अजून आत आहे."

"काय आत आहे?"

तिनं सांगितलं ते तुटक तुटक, मला दोनदा विचारावं लागलं. सकाळी मागवलेला भाग रिकामा का निघाला ते तिला आता कळलं होतं, तो खरा नव्हताच. एआयनं दिलेलं नाव मुळात कुठेच अस्तित्वात नव्हतं. पण तो हे नाव पुष्कळांना सुचवतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं आणि त्यानं त्याच नावाचा भाग करून कोठारात ठेवून दिला होता. असे भाग उतरतानाच स्वतःहून काही कामं करू शकतात. यानं तिच्या कॉम्प्युटरात साठवलेल्या किल्ल्या शोधल्या. किल्ली म्हणजे ती लांबलचक अक्षरं, जी दाखवली की कोठार समजतं ही मृदुलाच आहे. त्या किल्लीनं त्यानं तिथीपाटीची नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात स्वतःला भरलं. नंतर तिनं तो काढून टाकला, पण तोवर त्याचं काम होऊन गेलं होतं. आता जो कुणी तिथीपाटी घेईल त्याच्याही किल्ल्या जातील, आणि त्याच्या नावानं पुढे हेच होईल.

"केयूरभाईंकडे रोज दुपारी सगळं सॉफ्टवेअर नव्यानं बांधतात," ती म्हणाली. "नवी आवृत्ती निघाली असेल तर आपोआप उचलली जाते. मग ते सेंटरवर जातं."

मला तेव्हा कुठे समजलं. "आप्पा तिथं आहेत, वहिनी. मशीनवर आहेत."

"मशीनचा याच्याशी संबंध नाही. मशीन वेगळं, ऑफिसचा कॉम्प्युटर वेगळा." ती थांबली. मग म्हणाली, "नसावा."

आप्पांचं रक्त त्या वेळी नळ्यांमधून बाहेर येऊन परत आत जात होतं.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि फोनवरून कोठाराचं पान उघडलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. मी पीठ तसंच टाकून हात पुसले आणि तिच्यासमोर बसून फोन धरला, म्हणजे तिला दोन्ही हातांनी लिहिता येईल. आत गेल्यावर तिनं आपल्या सगळ्या किल्ल्या रद्द केल्या. म्हणजे आता नवीन काही निघणार नव्हतं. पण निघालेल्या दोन आवृत्त्या कोठारात तशाच होत्या. त्या काढायला स्वच्छ कॉम्प्युटर हवा होता. तिनं केयूरभाईंना फोन लावला. वाजत राहिला. त्यांच्या ऑफिसचा लावला, तोही कुणी उचलला नाही.

"चल," ती म्हणाली.

कुलूप तिनं एकदाच लावलं. ओढून बघितलं नाही.

स्कूटर तीच चालवत होती. रस्त्याभर रांगोळीच्या रंगांच्या आणि पणत्यांच्या हातगाड्या लागल्या होत्या. लोक मध्येच थांबत होते, मिठाईच्या दुकानांपुढे गाड्या आडव्या उभ्या होत्या. एरवी अशा गर्दीत वहिनी उतरून स्कूटर हातानं ढकलत नेते. त्या दिवशी ती हॉर्न वाजवत मधून काढत गेली. एका सिग्नलला थांबलो तेव्हा ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं स्तोत्र म्हणते आहे. कान देऊन ऐकलं तर ती तिथीपाटी कुणाकुणाकडे आहे त्यांची नावं घेत होती.

केयूरभाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात अर्ध्यावर ती थांबली, कठडा धरून.

"नीरा, तू पुढे हो."

"का?"

"वर जाऊन मी काय सांगू? मी घाईत नाव न वाचता एंटर दाबलं म्हणून?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

ती गेली वर.

ऑफिस जवळजवळ रिकामं होतं. माणसं गावाला गेली होती. केयूरभाई दोन्ही फोनचे आवाज बंद करून डबा उघडून बसले होते आणि खिडकीपाशी कोमल नावाची मुलगी काम करत होती. "आवो आवो मृदुलाबेन," केयूरभाई म्हणाले, "दिवाळीनी मीठाई लेवा आव्यां?"

"केयूरभाई, आजनुं बिल्ड बंध करो. अत्यारे ज."

बिल्ड म्हणजे ते दुपारचं नव्यानं बांधणं, ते आत्ताच्या आत्ता थांबवा म्हणाली. पुढचं सगळं गुजरातीतच झालं, मी माझ्या शब्दांत सांगते. केयूरभाई म्हणाले, जेवून घेऊ या, मग बघू. वहिनी त्यांच्या टेबलापाशी गेली आणि डबा बाजूला सरकवला. असं तिनं आयुष्यात कुणाला केलं नसेल. मग उभ्यानंच सगळं सांगितलं. एआय, घाई, नाव न वाचणं, मेल. काही गाळलं नाही. केयूरभाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी उठून दुपारचं काम बंद केलं. "अजून सुरू झालं नव्हतं," ते म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

तेव्हा कोमलनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीत ठेवले.

"सर, माझ्या मशीनवर मी मघाशीच घेतलीय. नवी आवृत्ती दिसली म्हणून."

"तुझ्या मशीनवर सेंटरच्या सर्व्हरची किल्ली आहे?" केयूरभाईंनी विचारलं.

कोमलनं होकारार्थी मान हलवली.

खाली झेरॉक्सचं मशीन चालल्याचा आवाज येत होता. म्हणजे सेंटरमध्ये जायची किल्ली आता कुण्या परक्या माणसाकडे होती. तो कुठल्या देशातला, त्याला काय हवंय, पेशंटची माहिती हवीय की सगळं पुसून टाकायचंय, कुणालाच सांगता येत नव्हतं. केयूरभाई वहिनीकडे वळले.

"तमारी पासेथी आ आशा नहोती, मृदुलाबेन," ते म्हणाले. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

वहिनीनं ऐकून घेतलं. केयूरभाईंनी सेंटरला फोन करून सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले आणि किल्ल्या बदलायला बसले. कोमलच्या मशीनची वायर काढली. वहिनी केयूरभाईंच्या घरच्या लॅपटॉपवर बसली आणि कोठारातून त्या दोन्ही आवृत्त्या मागे घेतल्या. कोठार चालवणाऱ्यांना कळवलं. आणि एक सूचना लिहिली, तिथीपाटी घेतली असेल त्यांनी कॉम्प्युटर ताबडतोब बंद करावा, माझ्याकडून विष गेलं आहे. शेवटचं वाक्य केयूरभाईंनी वाचलं आणि म्हणाले, इतकं नका लिहू. तिनं ते तसंच ठेवलं.

"आता मी सेंटरवर जाते," ती उठली. "तिथं काय झालंय ते बघते."

समाला पोचेपर्यंत आप्पांची पाळी संपत आली होती. ते पलंगावर निवांत पडले होते, हात बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. "तुम्ही दोघी कशा आलात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सहज." मशीन ठीक चालू होतं. मशीनला खरंच काही झालं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी खाली बसले. मला वाटलं संपलं.

वहिनी मात्र बाहेर काउंटरपाशी गेली होती, आणि तिथं संपलं नव्हतं. सेंटरची मुख्य सिस्टर स्नेहलता फोनवर मोठ्यानं बोलत होती. सकाळच्या पेशंटचे कागद सकाळीच छापले होते, म्हणून त्यांचं निभावलं. दुपारच्या पाळीचे छापायचे राहिले होते. कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, रक्त गोठू नये म्हणून किती औषध द्यायचं, सगळं बंद केलेल्या कॉम्प्युटरात होतं. पेशंट येऊन बसले होते. बहुतेकांना किंवा त्यांच्या घरच्यांना आपापले आकडे पाठ होते, त्यांना सिस्टरनं डॉक्टरांशी बोलून आत घेतलं. एक म्हातारी बाई राहिली.

चिमणाबाई त्यांचं नाव. एकट्याच रिक्षानं आल्या होत्या. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर आले होते आणि बोलताना दोन शब्दांमध्ये दम लागत होता.

"मला काय ठाऊक, बाई," त्या सिस्टरला सांगत होत्या. "तुम्ही म्हणता, मी काट्यावर उभी राहते. आकडा तुमच्याकडं असतो."

"घरी कुणाला माहितीय?"

"लेक बंगळूरला. तो फोन उचलत नाही कामात."

स्नेहलता वहिनीकडे वळली. "तुम्ही केयूरभाईंकडून आलात ना? किती वेळ लागणार? यांना फार वेळ असं बसवता येणार नाही. आणि अंदाजानं मी लावणार नाही. जास्त पाणी काढलं तर प्रेशर पडतं, माणूस जातं हातातून."

"हे माझ्यामुळे झालंय," वहिनी म्हणाली.

"कुणामुळे झालंय ते नंतर. आकडा कधी मिळेल ते सांगा."

वहिनीनं केयूरभाईंना फोन लावला. त्यांच्याकडे आदल्या दिवशीची प्रत वेगळी ठेवलेली होती. ती उघडता येईल, पण आधी ती स्वच्छ आहे याची खात्री करायला हवी, नाहीतर तीही हातची जाईल. थोडा वेळ द्या, ते म्हणाले.

तो थोडा वेळ वहिनी चिमणाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली. मी समोर होते. चिमणाबाईंची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि प्रत्येक श्वासागणिक वहिनीचे खांदे उचलले जात होते, जणू ओढायचं काम तीच करते आहे. सिस्टरनं ऑक्सिजनची नळी आणून लावली. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यातून निघाले होते, पण गर्दीत अडकले होते.

चिमणाबाईंनी वहिनीचा हात धरला. "तू का एवढी घाबरलीस? तुझं कुणी आत आहे का?"

"सासरे आहेत. ते ठीक आहेत."

"मग?"

वहिनी मग म्हणाली, "आजी, तुम्हाला थांबावं लागलंय ते माझ्या चुकीनं. मी एक गोष्ट न बघता घेतली कॉम्प्युटरमध्ये. तिथून हे सगळं झालं."

चिमणाबाईंना काही कळलं असेल असं मला वाटत नाही. त्या दम घेत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला भीती वाटतीय गं. तू उठून जाऊ नकोस."

"नाही जात," वहिनी म्हणाली.

मी तिला इतकी वर्षं ओळखते. लहानसहान गोष्टीला घाबरणारी, आमच्या चेष्टेचा विषय असलेली. त्या दिवशी मी तिची भीती पहिल्यांदा जवळून पाहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. पण तिचा हात त्या म्हातारीच्या हातात होता आणि तो तिनं सोडवून घेतला नाही.

केयूरभाईंचा फोन आला. प्रत उघडली होती. वहिनी फोन कानाला लावून उभी राहिली, दुसरा हात चिमणाबाईंकडेच ठेवून. स्नेहलता समोर आली. केयूरभाई आकडे सांगायला लागले, तर वहिनी म्हणाली, "थांबा. आधी पूर्ण नाव वाचा. वडिलांचं नाव, आडनाव, वय." त्यांनी वाचलं. तिनं चिमणाबाईंना विचारून पडताळलं. मग वजन, म्हणजे पाणी काढून झाल्यावर किती भरायला हवं ते. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "एकेक आकडा सुटा सांगा." मग औषधाचं प्रमाण, तेही तसंच. ती मोठ्यानं म्हणायची, स्नेहलता तिच्यामागे म्हणायची, आणि मग वहिनी फोनवर पुन्हा केयूरभाईंना म्हणून दाखवायची. नंतर ती मला म्हणाली की आख्ख्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती तिला तेव्हा वाटली. एका माणसाच्या अंगात काय जाणार ते तिच्या तोंडून ठरत होतं, आणि सकाळी याच तोंडानं तिनं एक नाव वाचलं नव्हतं.

एवढ्यात डॉक्टर पोचले. त्यांनी चिमणाबाईंना तपासलं, आकडे पाहिले, ते पटण्यासारखे आहेत म्हणाले आणि त्यांना आत घेतलं. दादा पाळीवरून घरी पोचला होता, म्हणून आम्ही आप्पांना गाडीनं घरी पाठवलं आणि चिमणाबाईंचं होईपर्यंत बाहेर बसलो. दिवेलागणीला त्या बाहेर आल्या. थकलेल्या होत्या, पण श्वास सरळ चालला होता. वहिनीनं त्यांना रिक्षात बसवलं आणि मला म्हणाली, तू स्कूटर घेऊन घरी जा. ती रिक्षात त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली.

पुढे काय निष्पन्न झालं ते सांगते. केयूरभाईंनी एका जाणकार माणसाला बोलावून सगळं तपासून घेतलं. सेंटरमधून काही गेलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी, आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो त्या सुमारास, कुणीतरी कोमलची जुनी किल्ली लावून सेंटरच्या सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला होता. एकदाच. किल्ली बदललेली होती म्हणून परत गेला. हे ऐकल्यावर वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही.

बाकी सगळे इतके सुखरूप सुटले नाहीत. राजकोटच्या एका औषधाच्या दुकानवाल्यांची वेबसाइट बंद पडली, ऐन दिवाळीत. परदेशातल्या देवळाचं काम बघणाऱ्या गृहस्थांच्या किल्ल्या गेल्या आणि त्यांच्या नावानं आणखी काही भाग बिघडले. वहिनीनं ज्यांचे पत्ते मिळाले त्या प्रत्येकाला स्वतः लिहिलं. काहींनी आभार मानले, काहींनी वाटेल ते बोलून घेतलं. राजकोटच्या बाई फोनवर बराच वेळ बोलत होत्या आणि वहिनी नुसतं "हा बेन, हा बेन" म्हणत होती. आमची त्या वर्षीची दिवाळी अशीच गेली. फोन वाजला की ती दचकायची. दादा आता हसत नव्हता. तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारायचा, "चहा आणू?"

लाभपाचमीला केयूरभाईंचा फोन आला. वहिनीला वाटलं, आता संबंध संपला म्हणून सांगतील. त्यांनी बारकोडचं काय झालं ते विचारलं. अपेक्षा नव्हती म्हणाले होते त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. फक्त यापुढे कुठलाही नवा भाग कोठारात काही दिवस जुना झाल्याशिवाय घ्यायचा नाही आणि उतरताना त्याला स्वतःहून काही करू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. कोमललाही ते शिकवायचं काम वहिनीकडे आलं.

तिचा कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्यानं लावला होता. पहिल्यांदा काही मागवायची वेळ आली तेव्हा तिनं मला समाहून बोलावून घेतलं. काम दोन मिनिटांचं. "नुसती बस शेजारी," म्हणाली. मला त्यातलं काही कळत नाही हे तिला माहीत होतं. तिनं नाव लिहिलं, पान उघडलं, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग मला वाचायला लावलं. एंटरवर बोट ठेवून ती बसून राहिली. शेवटी दाबलं आणि दोन्ही हात मागे घेतले. पडद्यावर ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो, मेल येतो का म्हणून. आला नाही.

तिथीपाटी अजून कोठारात आहे. काढून टाकावी असं तिच्या मनात पुष्कळदा येतं, पण लोक वापरतात, एकदम काढली तर त्यांचं अडेल, म्हणून ठेवलीय. आप्पांच्या पाळीच्या दिवशी गाडी येत असली तरी आता वहिनी मागून स्कूटरनं सेंटरवर जाते. चिमणाबाईंची पाळी आता सकाळची झाली आहे, त्यांच्याशी दोन शब्द बोलते. मग काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसते. तिथून कॉम्प्युटरचा पडदा दिसतो. कधी नेट हळू झालं की पडदा क्षणभर पांढरा होतो, आणि काउंटरवरची मुलगी माउस हलवत राहते. तेवढा वेळ वहिनी श्वास घेत नाही. मी एकदा शेजारी होते, म्हणून मला माहीत आहे.